हृदयाला रक्त कोण देते? : डॉ. प्रफुल्लकुमार सेन

मनुष्याचे हृदय शरीराच्या प्रत्येक भागाला रक्त पुरवते, हे आपण सर्वजण जाणतो. परंतु अहोरात्र राबणाऱ्या या हृदयाला स्वतःला रक्त कोठून मिळते, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. हृदयाच्या पोकळीत रक्त सतत भरलेले असते, म्हणून हृदयाचे स्नायू त्यातूनच आपली गरज भागवत असतील, असे एखाद्याला वाटेल. प्रत्यक्षात तसे नाही. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला अगदी आरंभीच दोन लहान फाटे फुटतात. या फाट्यांना कोरोनरी धमन्या म्हणतात. त्या हृदयाच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून वेलीप्रमाणे पसरत जातात आणि स्नायूंच्या आत शिरून त्यांना रक्त देतात. या धमन्यांतून रक्त पोहोचले नाही, तर रक्ताने भरलेले हृदयही रक्तावाचून तडफडते.

हृदयाला रक्त कसे मिळते, ते मिळत नसेल तर कसे ओळखावे आणि ते पुन्हा कसे मिळवून द्यावे, या प्रश्नांमागे आयुष्यभर धावलेले एक शल्यचिकित्सक मुंबईत होऊन गेले. त्यांचे नाव डॉ. प्रफुल्लकुमार सेन. भारतात मानवी हृदयाचे पहिले प्रत्यारोपण करणारे डॉक्टर म्हणून ते ओळखले जातात. पण या एका घटनेपुरतेच त्यांना ओळखणे हा त्यांच्या कार्यावर अन्याय ठरेल.

परळच्या रुग्णालयात

प्रफुल्लकुमार सेन यांचा जन्म १९१५ साली कलकत्त्यात झाला. त्यांची कर्मभूमी मात्र मुंबई ठरली. परळ येथील सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले के.ई.एम. रुग्णालय या संस्थेत त्यांच्या आयुष्याची उमेदीची वर्षे गेली.

या संस्थेचा इतिहासही जाणून घेण्यासारखा आहे. ब्रिटिश राजवटीत वैद्यकीय शिक्षणातील वरिष्ठ जागा बहुधा इंग्रज डॉक्टरांकडेच असत. भारतीय डॉक्टर कितीही गुणवान असला, तरी त्याला दुय्यम स्थानावर समाधान मानावे लागे. ही स्थिती बदलावी, म्हणून या महाविद्यालयासाठी देणगी देताना देणगीदारांनी एक अट घातली. येथे शिकवणारे डॉक्टर भारतीयच असावेत, ही ती अट होती. १९२६ साली सुरू झालेले हे रुग्णालय मुंबई महानगरपालिकेचे होते. गिरणगावातील कामगार, कोकणातून आणि देशावरून आलेली गरीब माणसे, फलाटावर राहणारे निराधार असे सर्व जण येथे उपचारासाठी येत. अशा ठिकाणी काम करताना सेन यांच्यासमोर रोज नवे आणि अवघड रुग्ण येत राहिले.

पुढे सेन त्याच संस्थेत शल्यचिकित्सा विभागाचे प्रमुख झाले. त्या काळी हृदयावरील शस्त्रक्रिया हे नवे शास्त्र होते. धडधडणाऱ्या हृदयाला सुरी लावणे म्हणजे मृत्यूलाच आमंत्रण, अशी समजूत अनेक वर्षे होती. अमेरिकेतील शल्यचिकित्सकांनी ही समजूत मोडून काढण्यास आरंभ केला होता. रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने सेन यांना परदेशातील हे काम जवळून पाहण्याची आणि प्रशिक्षण घेण्याची संधी मिळाली. तेथे पाहिलेले तंत्र मुंबईच्या पालिका रुग्णालयात आणायचे, असा निश्चय त्यांनी केला.

हृदय उघडण्याचे आव्हान

काही बालके जन्मतःच हृदयात दोष घेऊन येतात. कोणाच्या हृदयाच्या पडद्याला छिद्र असते, तर कोणाची एखादी वाहिनी जन्मानंतर बंद व्हायला हवी असताना उघडीच राहते. असे छिद्र बंद करायचे, तर हृदय उघडावे लागते. पण हृदय उघडले, तर शरीराचा रक्तपुरवठा थांबतो आणि सामान्य तापमानात मेंदू तीन-चार मिनिटांपलीकडे रक्ताशिवाय तग धरू शकत नाही. एवढ्या वेळात टाके कसे घालणार?

यावर दोन मार्ग निघाले. पहिला मार्ग म्हणजे रुग्णाचे शरीर थंड करणे. शरीर थंड झाले की त्याची प्राणवायूची गरज कमी होते आणि शल्यचिकित्सकाला आणखी काही मिनिटे मिळतात. १९५२ साली अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात या पद्धतीने हृदयातील छिद्र बंद करण्यात आले. पन्नासच्या दशकातच सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत मुंबईत वापरली. दुसरा मार्ग हृदय-फुप्फुस यंत्राचा होता. हे यंत्र शरीरातील अशुद्ध रक्त बाहेर घेते, त्यात प्राणवायू मिसळते आणि ते पुन्हा शरीरात सोडते. त्यामुळे हृदय थांबवून त्यावर सावकाश काम करता येते. १९५३ साली फिलाडेल्फिया येथे डॉ. जॉन गिबन यांनी अशा यंत्राच्या साहाय्याने एका तरुणीच्या हृदयातील छिद्र यशस्वीपणे बंद केले.

हे यंत्र भारतात आणणे सोपे नव्हते. देश नुकताच स्वतंत्र झालेला होता. परकीय चलनाची टंचाई होती आणि आयातीवर कडक निर्बंध होते. शिवाय यंत्र हाती आले, म्हणजे विद्या हाती आली असे होत नाही. नळ्या कशा जोडाव्यात, रक्त गोठू नये म्हणून काय करावे, रक्तात हवेचा बुडबुडा शिरू नये यासाठी कोणती दक्षता घ्यावी, या गोष्टी प्रत्यक्ष करूनच शिकाव्या लागतात. सेन यांच्या तुकडीने प्रथम कुत्र्यांवर प्रयोग केले. अनेक प्रयोग फसले. भूलतज्ज्ञ, यंत्र चालवणारे, परिचारिका आणि शल्यचिकित्सक यांना एका लयीत काम करण्याची सवय लागायला वेळ लागला. अखेर साठच्या दशकाच्या आरंभी मुंबईतील दोन रुग्णालयांमध्ये हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी एका रुग्णालयात हे कार्य डॉ. सेन यांनी केले आणि दुसऱ्या रुग्णालयात डॉ. केरसी दस्तूर यांनी केले.

नाडी हरवलेले रुग्ण

सेन यांच्याकडे येणाऱ्यांमध्ये काही तरुण रुग्ण, विशेषतः तरुण स्त्रिया, चमत्कारिक तक्रारी घेऊन येत. एखादीच्या एका हाताची नाडी लागत नसे. एखादीचा रक्तदाब हातात फार वाढलेला असे, परंतु पायात तो अत्यल्प भरे. महाधमनी आणि तिच्या शाखांना सूज येऊन त्या आतून अरुंद होत आहेत, हे त्यामागील कारण होते.

सेन यांनी या आजाराचा चिकाटीने अभ्यास केला. विकृतिशास्त्रज्ञ डॉ. किणरे आणि शल्यचिकित्सक डॉ. परुळकर यांच्यासारखे सहकारी त्यांच्यासोबत होते. दोन्ही हातांचा आणि दोन्ही पायांचा रक्तदाब मोजणे, आवाज करत वाहणारे रक्त कोठे अडते ते स्टेथोस्कोपने ऐकणे आणि धमनीत विशिष्ट द्रव सोडून क्ष-किरणांनी तिचे चित्र घेणे, अशा मार्गांनी त्यांनी रुग्णांच्या धमन्यांचे जणू नकाशेच तयार केले. १०१ रुग्णांच्या अभ्यासावर आधारलेला त्यांचा ग्रंथ १९७३ साली प्रसिद्ध झाला. रक्त कोठून कोठे किती वाहते, हे पाहिल्याशिवाय शस्त्र हाती घेऊ नये, ही शिस्त या कामातून दिसते.

जन्मतःच चुकलेली वाट

हातापायांच्या धमन्यांची नाडी बोटांना लागते. कोरोनरी धमन्यांची नाडी मात्र बाहेरून लागत नाही. म्हणून हृदयाच्या स्वतःच्या रक्तपुरवठ्याचा अंदाज घेणे हे वैद्यकशास्त्रातील अवघड काम ठरले. या धमन्यांची रचनाच जन्मतः चुकलेली असेल, तर हे काम अधिकच कठीण होते.

काही बालकांत डावी कोरोनरी धमनी महाधमनीऐवजी फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीतून निघते. १९३३ साली अमेरिकेतील बॉस्टन येथील तीन डॉक्टरांनी अशा बालकाच्या लक्षणांचे सविस्तर वर्णन केले. या दोषाची रीत मोठी फसवी असते. जन्मानंतरचे काही दिवस फुप्फुस धमनीतील दाब पुष्कळ असतो, त्यामुळे हृदयाच्या स्नायूंना कसेबसे रक्त मिळते आणि बाळ चांगले दिसते. काही आठवड्यांनी तो दाब उतरतो. मग त्या धमनीतील रक्त स्नायूंकडे जाण्याऐवजी उलट दिशेने फुप्फुसाकडे वाहू लागते. दूध पिताना बाळ घामाघूम होते, कळवळून रडते आणि धापा टाकते. आईला वाटते, पोटात दुखत असेल. वास्तविक त्याचे हृदय उपाशी राहिलेले असते.

दुसऱ्या एका प्रकारात धमनी चुकीच्या जागेतून निघून महाधमनी आणि फुप्फुस धमनी यांच्यामधून वाट काढते. असा मुलगा किंवा मुलगी बसलेली असताना तपासली, तर सर्व काही ठीक दिसते. परंतु धावताना या दोन मोठ्या वाहिन्या रक्ताने फुगतात, मधल्या धमनीवर दाब येतो आणि ऐन गरजेच्या वेळी हृदयाचे रक्त तुटते. निरोगी वाटणारा तरुण खेळाडू मैदानावर अकस्मात कोसळतो, त्यामागे कधी कधी हे कारण असते. म्हणूनच अशा रुग्णाची धमनी कोठून निघते एवढे पाहून भागत नाही. श्रम करताना त्या धमनीतून किती रक्त जाते, हेही पाहावे लागते.

१९५८ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे डॉ. मेसन सोन्स यांना कोरोनरी धमनीत थेट द्रव सोडून तिचे क्ष-किरण चित्र घेता येते, हे एका अनपेक्षित प्रसंगातून आढळले. त्यानंतर या धमन्या डोळ्यांना दिसू लागल्या. पण अडलेली वाट दिसली, तरी ती मोकळी कशी करावी हा प्रश्न उरलाच होता. एका धमनीला दुसऱ्या वाहिनीची जोड देऊन वळसा काढण्याची बायपास शस्त्रक्रिया तेव्हा रूढ झालेली नव्हती.

सर्पाच्या हृदयाचा धडा

या टप्प्यावर सेन यांनी निसर्गाकडे पाहिले. सर्पासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाची रचना मनुष्याच्या हृदयाहून वेगळी असते. त्यांच्या हृदयाचा स्नायू स्पंजासारखा सच्छिद्र असतो आणि हृदयाच्या पोकळीतील रक्त त्या छिद्रांतून थेट स्नायूंपर्यंत पोहोचते. मानवी गर्भाचे हृदयही आरंभीच्या आठवड्यांत असेच असते. कोरोनरी धमन्या नंतर तयार होतात आणि स्नायू घट्ट होत जातो. हृदयाच्या काही जन्मजात दोषांमध्ये पोकळी आणि कोरोनरी धमन्या यांना जोडणाऱ्या अशा वाटा जन्मानंतरही शिल्लक राहिलेल्या आढळतात.

मग मनुष्याच्या हृदयातही अशा वाटा पुन्हा पाडता येतील का? सेन, डॉ. तेहमतन उडवाडिया, डॉ. किणरे आणि डॉ. परुळकर यांनी हा विचार प्रयोगशाळेत तपासला. कुत्र्याच्या हृदयाची एक प्रमुख धमनी बांधून त्यांनी स्नायूचा रक्तपुरवठा तोडला आणि त्या भागात सुईने बाहेरून आतल्या पोकळीपर्यंत अनेक बारीक छिद्रे पाडली. ज्या प्राण्यांवर हा उपाय केला, ते इतरांपेक्षा अधिक संख्येने वाचले. हे संशोधन १९६५ साली अमेरिकेतील एका मान्यवर शल्यशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. परळच्या प्रयोगशाळेत सुचलेली कल्पना अशा रीतीने जगासमोर आली.

पुढील काळात परदेशी संशोधकांनी सुईऐवजी लेसर किरणांनी अशी छिद्रे पाडण्याचे तंत्र विकसित केले आणि १९९८ साली अमेरिकेत त्याला अधिकृत मान्यता मिळाली. मात्र शास्त्रात कोणतीही कल्पना तपासणीतून सुटत नाही. स्नायूत पाडलेली ही छिद्रे बहुधा थोड्याच काळात बुजून जातात, असे नंतरच्या अभ्यासांत दिसले. रुग्णाला आराम वाटतो, तो जखमेच्या जागी नव्या सूक्ष्म वाहिन्या फुटल्याने की वेदना नेणारे मज्जातंतू नष्ट झाल्याने, यावर मतभेद झाले. सर्पाच्या हृदयाची हुबेहूब नक्कल मनुष्यात साधली नाही. परंतु हृदयाच्या स्नायूला धमनीवाचूनही रक्त देता येईल का, हा प्रश्न सेन यांनी प्रयोगाने विचारला आणि पुढच्या संशोधकांना त्यावर विचार करावा लागला.

फेब्रुवारी १९६८

३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी एका मनुष्याचे हृदय दुसऱ्या मनुष्याच्या शरीरात बसवले आणि सारे जग चकित झाले. सेन यांची तुकडी प्राण्यांवर असे प्रयोग करतच होती. फेब्रुवारी १९६८ मध्ये के.ई.एम. रुग्णालयात सेन यांनी हृदय प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया केली. जगातील ती सहावी आणि आशिया खंडातील पहिली होती. अशी शस्त्रक्रिया करणारे ते जगातील चौथे शल्यचिकित्सक ठरले. रेल्वेतून पडून मेंदूला जबर इजा झालेल्या एका तरुणीचे हृदय एका तरुण शेतकऱ्याच्या छातीत बसवण्यात आले. ते नव्या शरीरात धडधडू लागले. पण सुमारे तीन तासांनी रुग्ण दगावला. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात त्यांनी दुसरे प्रत्यारोपण केले. तो रुग्ण सुमारे चौदा तास जगला.

या घटनेने सेन यांना कीर्ती मिळाली, तसेच कठीण प्रश्नही त्यांच्यासमोर उभे राहिले. मेंदू कायमचा निकामी झालेल्या, परंतु हृदय चालू असलेल्या व्यक्तीला मृत मानावे काय? त्या वेळी भारतात याविषयी कोणताही कायदा नव्हता. ज्या शहरात हजारो गरिबांना साधे औषधपाणीही पुरेसे मिळत नाही, तेथील पालिका रुग्णालयाने एवढ्या खर्चाच्या आणि जोखमीच्या शस्त्रक्रियेत पडावे काय? हा प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर सोपे नव्हते. गरीब देशाने केवळ जुन्याच विद्येवर समाधान मानले, तर तेथील गरिबाला नवी विद्या कधीच मिळणार नाही, हेही तितकेच खरे होते. या दोन सत्यांच्या मध्ये उभे राहून सेन यांनी आपला निर्णय घेतला. त्याची किंमत दोन रुग्णांच्या मृत्यूच्या रूपाने समोर आली, हे विसरून चालणार नाही.

शस्त्रक्रियेचे हस्तकौशल्य तेव्हा साध्य झाले होते. परंतु परका अवयव नाकारण्याची शरीराची प्रवृत्ती आटोक्यात ठेवणारी प्रभावी औषधे अजून यायची होती. जगातील बहुतेक शल्यचिकित्सकांनी लवकरच हृदय प्रत्यारोपण थांबवले. १९६९ साली भारत सरकारने सेन यांना पद्मभूषण देऊन गौरवले. १९८२ साली त्यांचे निधन झाले.

मागे उरलेली वाट

१९९४ साली भारतात मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा संमत झाला आणि मेंदूच्या मृत्यूला कायद्याने मान्यता मिळाली. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी हृदयाचे यशस्वी प्रत्यारोपण केले. सेन यांच्या पहिल्या प्रयत्नाला तेव्हा सव्वीस वर्षे झाली होती.

हृदयाच्या रक्तपुरवठ्याचा अंदाज घेण्याच्या पद्धतीही आज पुष्कळ पुढे गेल्या आहेत. ध्वनिलहरींच्या साहाय्याने तान्ह्या बाळाच्या कोरोनरी धमनीचे मूळ आणि तिच्यातील रक्ताची दिशा कळू शकते. सीटी स्कॅनमध्ये धमनीची संपूर्ण वाट दिसते. अतिशय बारीक तार धमनीत सरकवून अडथळ्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजता येतो. चालत्या पट्ट्यावर चालवून किंवा औषधाने हृदयाचे काम वाढवून ऐन श्रमाच्या वेळी स्नायूंना रक्त पुरते की नाही, हे पाहता येते. चुकीच्या जागी उगवलेली धमनी सोडवून महाधमनीला जोडण्याची शस्त्रक्रियाही आता केली जाते. छत्तीसगडमधील नवा रायपूर येथे तर जन्मजात हृदयदोष असलेल्या बालकांवर विनामूल्य शस्त्रक्रिया करणारे रुग्णालय उभे आहे.

म्हणून एक गोष्ट आपण सर्वांनी लक्षात ठेवावी. दूध पिताना घामाघूम होणारे बाळ असो, खेळताना छातीत दुखते म्हणणारे मूल असो किंवा धावताना भोवळ येऊन पडलेला तरुण असो, त्याला नुसते पोटाचे किंवा अशक्तपणाचे दुखणे समजून घरी ठेवू नये. त्याचे हृदय तपासून घ्यावे. वेळेवर झालेल्या तपासणीमुळे अशी अनेक मुले मोठी होऊ शकतात.

डॉ. सेन यांच्या काही प्रयत्नांना यश आले, काहींना आले नाही. यशाचा मोह आणि अपयशाचे भय या दोहोंनी माणूस थांबतो. सेन थांबले नाहीत. केलेले काम त्यांनी लिहून ठेवले, ते इतरांना तपासू दिले आणि पालिकेच्या रुग्णालयात सहकाऱ्यांची एक पिढी तयार केली. हृदयाला रक्त कोण देते, या साध्या प्रश्नाचा त्यांनी घेतलेला ध्यास पुढच्या पिढ्यांच्या उपयोगी पडला, हेच त्यांच्या जीवनाचे सार म्हणता येईल.